लेकराला कोणत्या कॉलेजात घालावे?



२०२५ च्या खरिपाआधीची गोष्ट. पाटोदा तालुक्यातल्या एका गावी मारुतीच्या पारावर आमची खरीपपूर्व सभा होती. सोयाबीनची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी ते मी दाखवत होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, मधूनमधून पाणी शिंपडायचे आणि आठवडाभराने मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. त्याहून कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे, आणि फारच कमी उगवले तर ते पेरायचेच नाही.

सभा संपली. माणसे पांगली. एक गृहस्थ मात्र टोपी हातात घेऊन बसूनच राहिले. मला वाटले, बोंडअळीचे काही विचारायचे असेल. ते म्हणाले, "साहेब, बियाणाचं समजलं. पोरगी बारावी झाली. चांगले मार्क पडलेत. तिला कुठं घालावं, हे समजंना. कुनी म्हनतं बीडला घाला, कुनी म्हनतं पुण्याला. तुम्ही शिकलेले हायेत. तुम्हीच सांगा."

मी तेव्हा लगेच उत्तर दिले नाही. का दिले नाही, ते आधी सांगतो.

एका एकराची गोष्ट

काही वर्षांपूर्वी असेच एक शेतकरी माझ्याकडे आले होते. मुलगा बारावी पास झालेला, इंजिनिअरिंगला जायचे म्हणत होता. लांबच्या एका खासगी कॉलेजची रंगीत पुस्तिका त्यांनी माझ्यापुढे ठेवली. गुळगुळीत कागद, काचेची इमारत, संगणकापुढे बसलेली हसरी मुले. मी ती पाच मिनिटे चाळली आणि म्हणालो, "चांगले दिसते." एवढेच म्हणालो. पण माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी विहिरीकडचा एक एकर विकला आणि मुलाला पाठवले.

पुढे कळले ते असे. कॉलेजात शिकवणारे दर सहामाहीला बदलत. प्रयोगशाळेचे कुलूप परीक्षेच्या आठवड्यातच निघे. गावच्या शाळेत मराठीतून शिकलेला हा मुलगा इंग्रजीतल्या पहिल्याच व्याख्यानात बुजला. खोलीत दुसरे कोणी त्याच्या भाषेचे नाही, त्याचे बोलणे ऐकून बाकीचे हसत. पहिल्या वर्षी पाच विषय राहिले. दुसऱ्या वर्षी तो घरी परत आला. आज तो ठिबक सिंचनाच्या नळ्या आणि जोडण्यांचे दुकान चालवतो, मेहनती आहे, त्याचे बरे चालले आहे. पण तो एकर गेला तो गेला. त्या रस्त्याने जाताना माझी मान आपोआप खाली जाते. शंभर दाणे तपासल्याशिवाय पेरू नका म्हणून गावोगाव सांगत फिरणारा मी, मीच त्या माणसाच्या पोराचे चार वर्षांचे बियाणे पुस्तिकेवरचे चित्र बघून पास केले होते.

म्हणून पाटोद्याच्या त्या गृहस्थांना मी म्हणालो, "दादा, आज सांगत नाही. पुढच्या रविवारी घरी येतो. पोरीला वही-पेन घेऊन बसवा. तिच्या आईलाही बसवा." त्या रविवारी जे बोलणे झाले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

तिफणीचे तीन नळे

आपल्या तिफणीला तीन फण आणि तीन नळे असतात. चाड्यावर मूठ धरणारी बाई तिन्ही नळ्यांत सारखे बी सोडते. एक नळा ढेकळाने तुंबला तर त्या ओळीत बी पडतच नाही. पेरताना ते कळत नाही. पाऊस पडून उगवण झाली की मधली ओळ मोकळी दिसते, आणि तोवर वाफसा गेलेला असतो.

कॉलेज निवडण्याचेही तसेच आहे. पहिला नळा शिक्षणाचा. दुसरा नळा संगतीचा, म्हणजे तिथले राहणे, मित्र, खेळ, मोकळेपणा. तिसरा नळा खर्चाचा. आपण बहुतेक जण एकाच नळ्याकडे बघतो. कोणी नुसते नाव बघतो, कोणी नुसती फी बघतो, आणि मुले बघतात ती मित्र कुठे चालले ते. तिन्ही नळे वाहते आहेत की नाही, हे पेरणीआधी बघायचे असते.

आपल्या वडीलधाऱ्यांनी काय केले

आज तालुक्याला दोन-तीन कॉलेजे दिसतात, पण हे फार जुने नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्याआधी आपल्याकडच्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे, आणि तिथे शिकवण्याची भाषा उर्दू. शेतकऱ्याच्या पोराला ते कसे जमावे? अंबाजोगाईला १९१७ पासून योगेश्वरीची शाळा होती. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे काम केले. पण पदवीची सोय आपल्या मुलखात नव्हतीच म्हणाना.

मग १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. बाबासाहेबांनी नुसते वर्ग बांधले नाहीत, सोबत वसतिगृहांचाही विचार केला. खेड्यातले गरीब मूल वर्गात टिकायचे तर त्याला निजायला जागा, दोन वेळचे जेवण आणि आपल्यासारख्यांची सोबत लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्या नागसेनवनाच्या परिसरात मुले नुसती पास झाली नाहीत, लिहू-बोलू लागली. दलित साहित्याच्या चळवळीला तिथून लेखक मिळाले.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. मुलांनी काम करावे आणि शिकावे, ही त्यांची रीत. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली आणि खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केली. ती आजही चालू आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ झाले, १४ जानेवारी १९९४ ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. आपला बीड जिल्हा त्याच विद्यापीठाखाली येतो. पुढे बीडला बलभीम, परळीला वैद्यनाथ अशी महाविद्यालये जवळ आली. परभणीला १९५६ साली कृषी महाविद्यालय आणि १८ मे १९७२ ला कृषी विद्यापीठ झाले.

हे सगळे सांगायचे कारण एकच. शिक्षण, राहणे आणि खर्च या तीन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे ज्यांना कळले त्यांनीच खेड्यातली मुले शिकवली.

पहिला नळा : शिक्षण

कॉलेज बघायला जाताना उद्घाटनाच्या किंवा गॅदरिंगच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी-बुधवारी, न सांगता जा. एसटीने जा, म्हणजे लेकराला रोज किंवा दर सुट्टीला कोणता प्रवास करावा लागणार तेही कळेल. तिथे गेल्यावर या गोष्टी बघा :

१. सकाळी अकराच्या सुमाराला वर्गात शिक्षक आहेत का? मुले वर्गात आहेत की पानटपरीवर?

२. शिकवणारे कायमचे किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक मन लावून शिकवत नाहीत असे नाही. पण सगळा विभागच त्यांच्यावर चालत असेल तर दरवर्षी माणसे बदलतात आणि मुलांचे नुकसान होते.

३. प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर धूळ आहे की हाताळल्याच्या खुणा? कृषी महाविद्यालय असेल तर त्याची शेती बघा. उभे पीक कसे आहे हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

४. ग्रंथालयात किती मुले बसली आहेत? संध्याकाळी ते किती वाजेपर्यंत उघडे असते?

५. नॅकचे प्रमाणपत्र आहे का? महाविद्यालयांचे मूल्यमापन करणारी ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. चांगली श्रेणी म्हणजे सगळे आलबेल असे समजू नका, पण एकदाही मूल्यमापन झालेले नसेल तर का झाले नाही ते विचारा.

६. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन मुलांना बाजूला चहाला न्या आणि विचारा, "तुझ्या धाकट्या भावाला इथे घालशील का?" ऑफिसातला माणूस सांगणार नाही ते खरे उत्तर तिथे मिळेल.

आणखी एक. बी. एस्सी. ॲग्रीचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते. परभणीच्या विद्यापीठाच्या स्वतःच्या महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या खासगी महाविद्यालयात पदवी एकाच विद्यापीठाची मिळते. फरक पडतो तो शिकवणारे, शेती, प्रयोगशाळा आणि राहणे यांत. तेव्हा लांबच्या खासगी कॉलेजात जास्त पैसे भरले म्हणजे पदवी जास्त मोठी मिळते, हा समज काढून टाका. दुरून डोंगर साजरे, असे आपले वाडवडील उगाच म्हणाले नाहीत.

दुसरा नळा : संगत

या नळ्याकडे आपण आईबाप दुर्लक्ष करतो. "तिकडं शिकायला चाललाय, मित्र करायला नव्हं," असे म्हणून मोकळे होतो. माझा अनुभव वेगळा आहे.

मी १९८९ साली परभणीला बी. एस्सी. ॲग्रीला गेलो. घरून निघताना माझ्या पत्र्याच्या पेटीत दोन सदरे, आईने दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि ठेच्याची बरणी होती. पहिले तीन महिने मला रोज वाटे, उद्या परत जावे. इंग्रजी समजत नसे, शहरातल्या मुलांशी बोलायची लाज वाटे. केजकडचा एक वरच्या वर्गातला मुलगा एके दिवशी माझ्या खोलीत आला. मी न विचारता त्याने आपल्या जुन्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "चल, कबड्डी खेळायला माणूस कमी पडतोय." त्या एका वाक्यावर मी चार वर्षे टिकलो. आमची मेस मुलेच चालवत. पाळीपाळीने हिशेब ठेवावा लागे, बाजार करावा लागे, महिन्याच्या शेवटी खर्च सगळ्यांत वाटून घ्यावा लागे. पन्नास जणांचा हिशेब जुळवताना मी जे शिकलो, ते आजही ऑफिसात उपयोगी पडते. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही मित्रमित्रच मदतीला निघालो. कोणाला बोलवावे लागले नाही.

म्हणून सांगतो, कॉलेज बघताना हेही बघा. राष्ट्रीय सेवा योजनेचा विभाग चालू आहे का? १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेची शिबिरे खेड्यातल्या मुलांना धीट करतात. एन. सी. सी. आहे का? मैदानावर मुले खेळतात का, की तिथे गवत वाढले आहे? स्नेहसंमेलनात गावची मुले रंगमंचावर असतात की नुसती खुर्च्या उचलायला? वसतिगृहात वेगवेगळ्या जातीची, तालुक्यांची मुले एकत्र राहतात की गट करून? तुमच्या तालुक्यातली दोन-चार मुले तिथे आधी आहेत का? असतील तर पहिल्या वर्षी मोठा आधार होतो. पण सगळीच आपल्या गावची असतील तर मूल गावातून बाहेर पडलेच नाही असे होते.

रॅगिंगचा धाक पुष्कळांना वाटतो. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे. तक्रार कोणाकडे करायची, त्या समितीतल्या शिक्षकांची नावे फलकावर लावली आहेत का ते बघा. मुलीसाठी वसतिगृहाची रेक्टर तिथेच राहते का, रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय सोय आहे, स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी आहे का, हे तिच्या आईने स्वतः जाऊन बघावे. हे प्रश्न विचारायला लाजू नये.

आणि संगतीचा दुसरा अर्थही विसरू नका. मोकळेपणा म्हणजे मोकाट सुटणे नव्हे. हातात मोबाईल, महिन्याला घरून येणारे पैसे आणि विचारणारे कोणी नाही, अशा जागी चांगले मूलही वाहवते. आठवड्यातून एकदा फोन करा, पण "अभ्यास करतोस ना?" एवढेच विचारू नका. "कोणासंगं जेवलास? कालच्या मॅचचं काय झालं?" असे विचारा. उत्तर देताना लेकरू अडखळले तर समजा, काहीतरी बिनसले आहे.

तिसरा नळा : खर्च

आता पाटोद्याच्या त्या घरी परत जाऊ. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि सोयाबीन. घरात दोन म्हशी. मोठी मुलगी बारावी सायन्स, धाकटा मुलगा दहावीला. मुलीने वहीत तीन पर्याय लिहून ठेवले होते. आकडे तिने स्वतः चौकशी करून आणले होते. तुमच्या ठिकाणचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

पहिला पर्याय : बीडला बी. एस्सी., घरून एसटीने जाऊन-येऊन. फी, पास, खाणे, वह्या मिळून वर्षाला २३ हजार. तीन वर्षांचे ६९ हजार. सगळ्यांत स्वस्त. पण सकाळी सहाला घर सोडायचे आणि दिवेलागणीनंतर परत. पावसाळ्यात गाडी चुकली की तो दिवस गेला. प्रात्यक्षिके दुपारी उशिरा, तेव्हा ती निम्मी बुडणार. मैदान, ग्रंथालय, शिबिर यातले काही नाही. म्हणजे खर्चाचा नळा वाहता, दुसरा नळा तुंबलेला आणि पहिला अर्धा.

दुसरा पर्याय : लांबच्या जिल्ह्यातले खासगी कृषी महाविद्यालय, व्यवस्थापन कोट्यातून. फी ९० हजार, राहणे-जेवणे ७० हजार. वर्षाला एक लाख ६० हजार, चार वर्षांचे सहा लाख ४० हजार. एका एजंटाने गावात येऊन सांगितले होते, "आजच वीस हजार भरा, जागा पक्की."

तिसरा पर्याय : सामायिक परीक्षेच्या गुणांवर, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून अंबाजोगाईच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर. वसतिगृह आणि मेस महिना चार हजार, दहा महिन्यांचे ४० हजार. पुस्तके, प्रवास, कपडे १२ हजार. फी सोडून वर्षाला ५२ हजार, चार वर्षांचे दोन लाख आठ हजार.

वडील म्हणाले, "आन् फी?"

मी म्हणालो, "दादा, इथंच खरी गोष्ट आहे." राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. कृषी पदवीही त्यात येते. अट एकच ध्यानात ठेवा : प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. एजंटाला वीस हजार देऊन जागा पक्की करणारा बाप मुलीची चार वर्षांची माफी आपल्या हाताने घालवतो.

हे ऐकून घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मुलीची आई चुलीपाशी बसून म्हणाली, "म्हंजे पोरीचं शिक्षण सस्तं हाय तर. आम्ही उगंच म्हनत होतो, पोरीला कामून एवढा खर्च, पोरासाठी ठिवू." बंधूंनो, हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात बोलले जाते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट दिसले. कोयता घेऊन आईबाप कारखान्याला जातात, वयात आलेली पोर घरी एकटी कशी ठेवावी, म्हणून लग्न उरकतात. त्या आईबापांना मी दोष देत नाही. पण चांगले वसतिगृह हा त्याच चिंतेवरचा उपाय आहे, एवढे नक्की सांगतो.

मदत कुठे मिळते

ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. जून २०२१ च्या निर्णयात राज्यातल्या ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे ठरली. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्याजेवणाची रक्कम मिळते. इतर मागास व भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मुलांसाठी फीची सवलत प्रवर्गानुसार कमीजास्त असते, ती माहितीपत्रकात नीट वाचा. हे बहुतेक अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. पुष्कळ कॉलेजांत आणि विद्यापीठांत कमवा व शिका योजना आहे, तिथे दोन-तीन तास काम करून हातखर्च निघतो.

पण एक सावधगिरी. शिष्यवृत्ती हातात पडायला उशीर होतो. कधी निम्मे वर्ष जाते. मेसचे पैसे मात्र दर महिन्याला मागतात. आपला पैसा येतो दिवाळीच्या पुढे, सोयाबीन-कापूस विकल्यावर. प्रवेश येतो जून ते ऑगस्टमध्ये, ऐन पेरणी-खुरपणीच्या ओढाताणीत. मग माणूस काय करतो? पीककर्ज उचलून फी भरतो आणि खतासाठी सावकाराकडे जातो. असे करू नका. बारावीच्या वर्षीच कापूस विकला की पहिल्या सहा महिन्यांच्या राहण्याजेवणाचे पैसे वेगळे बाजूला टाका. तेवढी रक्कम जमत नसेल तर ते कॉलेज आपल्या अंथरुणाबाहेरचे आहे असे समजा.

कमी पडले तर शैक्षणिक कर्ज घ्या, सावकाराचे नको. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला हमी निधीच्या योजनेत बँकेने जमीन तारण मागण्याची गरज नसते. हप्ते साधारणपणे शिक्षण संपून वर्षभराने सुरू होतात. तरी कर्ज ते कर्जच. चार वर्षांनी मिळेल त्या पगारातून ते फिटेल का, हे आधीच्या मुलांना किती पगार मिळतो ते विचारून ठरवा. जमीन विकणे हा शेवटचा उपाय, आणि माझे ऐकाल तर तोही उपाय नव्हेच.

पेरणीपूर्व मशागत

निकालाची वाट न बघता उन्हाळ्यातच कागद तयार ठेवा. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, सातबारा व आठ अ, अल्पभूधारकाचा दाखला, आधारला जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते. जात वैधतेला महिने लागतात, म्हणून तो अर्ज अकरावीतच करा. दाखला नाही म्हणून जागा गेलेली मुले मी दरवर्षी बघतो, आणि गुण असून जागा जाणे फार वाईट. पसंतीक्रम भरताना कोणा नेट-कॅफेवाल्याच्या मर्जीवर सोडू नका. मुलाने स्वतः भरावा, तुम्ही शेजारी बसावे.

मग एका कागदावर तीन रकाने आखा : शिक्षण, संगत, खर्च. प्रत्येक कॉलेजला प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण द्या. गुण बापाने एकट्याने देऊ नयेत. खर्चाचे आईबापाने, संगतीचे मुलाने, शिक्षणाचे तिथल्या मुलांना आणि गावातल्या एखाद्या शिक्षकाला विचारून. ज्या कॉलेजला एखाद्या रकान्यात चारपेक्षा कमी पडले, ते बाकीच्या दोन्हींत दहा असले तरी सोडा. तुंबलेल्या नळ्याची तिफण रानात नेऊ नये.

पुढे काय झाले

त्या मुलीला प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत अंबाजोगाई मिळाले. आईच्या कानातले मोडायची वेळ आली नाही. एक कालवड विकली आणि सहा महिन्यांची मेस बाजूला ठेवली. पहिले तीन आठवडे ती रोज रात्री आईला फोन करून रडायची. वडील मला विचारत, "आनू का माघारी?" मी म्हणायचो, "दिवाळीपर्यंत थांबा."

मग सप्टेंबर २०२५ आला. मराठवाड्यात कसा पाऊस झाला ते तुम्ही भोगलेच आहे. सिंदफणेला पूर, सोयाबीन पाण्यात, कापसाच्या कैऱ्या सडल्या. त्यांच्या चार एकरांत हाताला फार थोडे लागले. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा ते गृहस्थ बांधावर उभे होते. मला म्हणाले, "साहेब, त्या लांबच्या कॉलेजात घातलं असतं तर आज दुसरा हप्ता कशानं भरला असता? रान इकावं लागलं असतं." मी काही बोललो नाही. मला विहिरीकडचा तो दुसऱ्याचा एकर आठवत होता.

दिवाळीला मुलगी घरी आली. आल्याबरोबर तिने कोठीतले हरभऱ्याचे बियाणे मागितले. शंभर दाणे मोजले, गोणपाट ओले केले आणि ओळीने मांडून गुंडाळी केली. सोबत आलेली तिची खोलीतली मैत्रीण धारूरकडची होती, ती पाणी शिंपडत होती. आठवडा झाल्यावर दोघींनी मोजले, तर ८८ उगवले होते. वडिलांनी मला मुद्दाम फोन करून तो आकडा सांगितला.

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी यंदा बारावीचे लेकरू असेल तर हा अंक बाजूला काढून ठेवा. निकाल लागल्यावर कागद-पेन घेऊन तिघांनी बसा, आणि त्या तिघांत ते लेकरू असलेच पाहिजे.